नाही बसणार

एका तरुणाची डोंगरी सायकल होती. सव्वीस इंची चाकांची, सिंहगडाच्या पायथ्याच्या कच्च्या वाटांवर कितीतरी पावसाळे काढलेली. एके दिवशी सीटखालच्या नळीवर, वेल्डिंगला लागून, बारीक चीर दिसली.

कारण साधं होतं. स्वार उंच, फ्रेम बुटकी; म्हणून त्याने सीटची दांडी वर वर ओढत नेली होती. या दांडीवर कारखान्यातच एक रेघ मारलेली असते, याच्या वर काढू नका म्हणून. रेघ बाहेर आली की आत उरलेला तुकडा तोकडा पडतो आणि बसणाऱ्याचं सगळं वजन नळीच्या तोंडावर तरफेसारखं काम करतं. रेघ बाहेर येऊन वर्ष झालं होतं आणि तरुणाने ती रोज पाहिली होती.

त्याने नवी फ्रेम मागवली. अॅल्युमिनियमची, एकोणतीस इंची चाकांसाठी बनवलेली, सवलतीत मिळालेली. हिशेब सोपा : फ्रेम नवी, बाकी सगळं जुनं. चाकं, फोर्क, ब्रेक, गिअर सगळं धडधाकट असताना टाकायचं कशाला? यात काटकसर होती, जुन्या सायकलीवरची मायाही होती, आणि दोन्हींत वाईट काही नाही.

तसं पाहिलं तर डोंगरी सायकलचा जन्मच अशा जुळवाजुळवीतून झाला. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या श्विन सायकली गोळा केल्या आणि डोंगरावरून खाली सोडल्या. पॅडल उलटं दाबून लागणारा त्यांचा ब्रेक उतारावर इतका तापायचा की हबातलं ग्रीस जळून जाई आणि पुन्हा भरावं लागे. त्यावरून एका उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. मग त्याच फ्रेमवर ड्रम ब्रेक, मोटारसायकलच्या ब्रेकच्या मुठी आणि गिअर चढले. अखेर १९७७ मध्ये जो ब्रीझने खास याच कामासाठी नवी फ्रेम बांधायला घेतली. या कथा ऐकून आजच्या पोरांना वाटतं, कशावरही काहीही चढतं. पण त्या फ्रेम पोलादाच्या होत्या. पोलाद चार-दोन मिलिमीटर ओढून घेतं. अॅल्युमिनियम ओढलं की तडकतं.

तरुण फ्रेम आणि जुनी सायकल घेऊन नारायण पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेला. मिस्त्रीने पान्याला हात लावला नाही. खिशातून व्हर्निअर काढला, चष्मा वर केला आणि मापं घ्यायला बसला.

“मागचं हब एकशे पस्तीस मिलिमीटर. फ्रेमचं तोंड एकशे अठ्ठेचाळीस. नाही बसणार.”

“काका, वॉशर घालून?”

“तेरा मिलिमीटर वॉशर? डिस्क एकीकडे, ब्रेक दुसरीकडे जाईल. शिवाय चाक सव्वीसचं, फ्रेम एकोणतीसची. सायकल तीन सेंटिमीटर खाली बसेल.” मग फोर्क. “याची नळी तू जुन्या फ्रेमच्या मापाने कापून घेतलीस. हिचं डोकं उंच आहे. हँडलच्या स्टेमला धरायला वर काही उरत नाही. कापलेली नळी वाढत नाही रे. नाही बसणार.” पुढच्या गिअरला फ्रेमवर जागाच नव्हती. “हँडल, स्टेम, सीट, पॅडल नव्या फ्रेमवर जातील. ब्रेक जातील, मागच्या ब्रेकची नळी कदाचित लांब घ्यावी लागेल. क्रँक जाईल, खालच्या खोबणीचे आटे तेच आहेत. सीटची दांडी बारीक आहे, मध्ये बुश घालून बसेल, पण तू लांब दांडीच घे. बाकीचं आज काढू नकोस. पैसे जमव, मग ये.”

“किती झाले?”

“मापाचे कसले पैसे?”

तरुण चिडून बाहेर पडला. म्हाताऱ्याला कामच नकोय, असं त्याने मित्राला सांगितलं.

दुसरं दुकान मोठं होतं, काचेचं. तिथे शब्द मिळाला : “सगळं होतं सर. बसवून देतो.” मला विचाराल तर कारागिराच्या तोंडी यासारखं धोक्याचं वाक्य नाही. पण कानाला ते फार गोड लागतं, आणि तरुणाला तेच ऐकायचं होतं.

त्यांनी बसवलंही. हबाच्या दोन्ही बाजूंना लेथवर कापलेल्या चकत्या घातल्या, ब्रेकखाली वॉशरची चळत लावली. फोर्कच्या नळीला स्टेमने निम्म्या उंचीवरच धरलं. खरा घोळ खाली झाला. क्रँकचा आस ज्या दोन कपांत फिरतो, त्यांतल्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात. तो डावीकडे फिरवला की घट्ट होतो. हा कुणाचा लहरीपणा नाही. पॅडल मारता मारता आतलं बेअरिंग कपाला हळूहळू एका दिशेने ढकलत राहतं. सरळ आटे असते तर उजवा कप आपोआप सुटत गेला असता. इटालियन पद्धतीच्या फ्रेममध्ये दोन्हीकडे सरळ आटे असतात आणि तिथला उजवा कप सैल होण्यासाठी प्रसिद्ध आहे. दुकानातल्या पोराने सरळ आट्यांचा डावा कपच उजव्या बाजूला धरला आणि सवयीप्रमाणे उजवीकडे फिरवला. तो अडला. पोराने पान्याला लांब पाइप लावला. तेव्हा कप तिरका आत गेला. पोलादाचा कप, अॅल्युमिनियमचे आटे. हरणार कोण हे ठरलेलंच होतं.

पहिल्याच चढाला पॅडल दगडांवर आपटू लागलं. पुढे खालून करकर ऐकू आली. मग कप अर्धा बाहेर आला आणि त्याच्याबरोबर अॅल्युमिनियमची चकचकीत कुरळी तार. तरुण सायकल हातात धरून खाली आला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा नारायण पेठेत उभा. मिस्त्रीने फ्रेम उलटी केली आणि खोबणीत बोट फिरवलं. “बाहेरचे आटे गेले. आतले आहेत.” उलट्या आट्यांचा टॅप काढला, तेल सोडलं आणि पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा पाव फेरा, असं बराच वेळ चालवलं. नवा कप हातानेच आत गेला. पान्याची गरज शेवटी पडली. “टिकेल,” मिस्त्री म्हणाला. “पण आता या खोबणीत चूक करायला जागा नाही.”

नवी चाकं आणि फोर्क यायला दिवाळी उजाडली. तोवर फ्रेम भिंतीला टांगलेली.

मधल्या काळात मिस्त्रीने माळ्यावरून एक जुनी सव्वीस इंची पोलादी फ्रेम खाली काढली. ‘नाही बसणार’ म्हणून बाजूला पडलेला फोर्क तिच्या आखूड डोक्यात नेमका बसला, हब सहज आत गेलं. चेन आणि मागची दातेरी कॅसेट दोन्ही झिजलेल्या होत्या. तरुण म्हणाला, निदान चेन नवी घालू.

“एक नवी घातलीस तर दातांवरून उडेल. ही दोघं एकमेकांसोबत झिजलीत. राहतील तर दोघं राहतील, जातील तेव्हा दोघं जातील.”

पुढे जास्तीचा क्रँक लावून ती सायकल गल्लीतल्या नववीतल्या एका मुलाला मिळाली. तो तिच्यावरून रोज शाळेत जातो आणि रविवारी टेकडीवर.

नवी सायकल न्यायला आलेल्या तरुणाने बिल चुकतं केलं आणि विचारलं, “काका, त्या दिवशी मापं घेतलीत, त्याचे किती?”

मिस्त्रीने क्षणभर विचार करून पन्नास रुपये सांगितले आणि घेतले. आता त्या दुकानात मापाचे पन्नास रुपये सगळ्यांनाच पडतात, काम दिलं तरी आणि नाही दिलं तरी. तुम्हीही फ्रेम मागवायच्या आधी जुनी सायकल घेऊन जा, आणि उत्तर ‘नाही बसणार’ आलं तर घासाघीस न करता तेवढे पैसे देऊन या.