अभ्यासाची तिसरी अट

लहान मुलाला रोज वाद्याजवळ बसवायचं, ते नेमकं कशासाठी? कोकणातल्या अलोऱ्यात मुलांना पेटी आणि कीबोर्ड शिकवताना हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही. वडील कोयना प्रकल्पात नोकरीला होते, म्हणून आम्ही घाटावरून इथल्या वसाहतीत आलो आणि इथलेच झालो. आता माझ्याकडे मुलांना घेऊन येणाऱ्या आया आधी विचारतात, ‘‘बाई, परीक्षेला कधी बसवायचं?’’ दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा त्यांचं विचारणं गैर नाही. पण सहा वर्षांच्या बोटांवर दहावीचं ओझं मला बघवत नाही.

अभ्यास पक्का कशाने होतो, हे पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात सांगितलं आहे. तो दीर्घकाळ हवा, खंड न पडता हवा आणि आदराने हवा. पहिल्या दोन अटी आपण काटेकोर पाळतो. वेळ ठरवतो, दांडी मारू देत नाही. तिसरी राहून जाते. मुलाची वाढ मात्र त्या तिसरीवरच अवलंबून असते, असं माझं ठाम मत आहे.

सात वर्षांची एक मुलगी माझ्याकडे कीबोर्ड शिकते. पेटीत एक हात भात्याला असतो. इथे दोन्ही हातांना वेगवेगळं काम. तिचा उजवा हात वरच्या सुरांकडे निघाला की डावाही त्याच्यामागे पळतो. अनामिका उचलायला गेली की करंगळी सोबत उठते. हा हट्ट नव्हे, आळसही नव्हे. त्या वयाचा हातच तसा असतो. अशा वेळी ‘लक्ष कुठंय तुझं?’ म्हणून ओरडणं म्हणजे पावसाळ्यात फुगून अडकलेल्या पेटीच्या पट्टीवर रागावणं. आम्ही मग एकच हात घेतो, लय निम्मी करतो, ती मोठ्याने मात्रा मोजते. हात आपल्या वेळेने सुटे होतात.

या शिकण्याचं फळ संशोधकांनीही तपासलं आहे. 2009 साली क्रिस्टा हाइड, गॉटफ्रीड श्लाउग आणि सहकाऱ्यांनी साधारण सहा वर्षांची मुलं पंधरा महिने कीबोर्ड शिकल्यावर तपासली, तेव्हा हालचाल आणि श्रवण सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांत बदल दिसले. त्याआधी 2004 साली टोरोंटोत ग्लेन शेलेनबर्ग यांनी 144 मुलांवर केलेल्या प्रयोगात संगीत शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा थोडासाच अधिक वाढला. इतरांशी वागण्यात सुधारणा दिसली ती नाट्य शिकलेल्यांमध्ये. फळ खरं आहे, पण लहान आहे. तेवढ्यासाठी मुलाला ताणणं मला पटत नाही.

गीतेच्या बाराव्या अध्यायात श्रीकृष्ण अभ्यासाच्याही वर कर्मफलत्यागाला बसवतात आणि त्यागामागे शांती येते असं सांगतात. आपल्याला हे आयुष्यभर जमत नाही. मूल मात्र तिथून फार लांब नसतं. आवडलेला तुकडा ते पुन्हा पुन्हा वाजवतं, कारण तो वाजतो, एवढंच. आईने मोबाईल समोर धरला की तीच मुलगी सूर सोडून आईच्या चेहऱ्याकडे बघू लागते. फळाची ओढ मुलात आपण पेरतो.

मग सगळं मुलाच्या मर्जीवर सोडायचं का? नाही. खंड पडू न देणं हे मोठ्यांचं कर्तव्य आहे. जपानचे संगीतशिक्षक शिनिची सुझुकी यांनी तर आईवडिलांनाच मुलांच्या धड्याला हजर राहायला लावलं. आदर म्हणजे लाड नव्हेत. हात धुऊन बसायचं, वाद्याला नमस्कार करायचा, चुकलं तिथे न चिडता थांबायचं, झालं की वाद्य झाकून ठेवायचं. हे मुलाने करायचं. आणि ते वाजवत असताना गप्प बसून ऐकायचं. हे आपण करायचं. वाद्याचा मान मुलाने राखावा, मुलाचा आपण. दोन्ही झालं तरच तिसरी अट पुरी होते.

म्हणून आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. रोज थोडा वेळ मुलाशेजारी बसा. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, परीक्षेचं नाव काढू नका. वाजवून झालं की ‘किती चुका केल्यास?’ असं विचारू नका. ‘पुन्हा एकदा वाजव, मला ऐकायचंय,’ असं म्हणा, आणि खरोखरच ऐका.