जतन आणि निर्लेखन

सरकारी कचेरीत ज्याने चार वर्षे काढली आहेत त्याला ‘निर्लेखन’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. खुर्चीचा पाय मोडतो, कपाटाची कडी निखळते, यंत्र गंजते. मग डेड स्टॉक रजिस्टरात त्या वस्तूच्या नावावर रेघ ओढली जाते आणि वस्तू लिलावात निघते. व्यवहार म्हणून यात काही वावगे नाही. तरीही एक प्रश्न उरतो. वस्तूचे काम संपले म्हणजे तिच्याविषयीचे आपले कर्तव्यही संपते काय? खुर्चीपुरता हा प्रश्न कोणास हास्यास्पद वाटेल, म्हणून तो एका युद्धनौकेविषयी विचारून पाहू. चंडीगडात, जिथे सुखना तलावापलीकडे पाणी म्हणून दिसत नाही, तिथे बसून नौकांची चिंता वाहणे विचित्र खरे. परंतु आपण बदलीची माणसे बहुधा दूरच्याच गोष्टींचा विचार करीत असतो.

१९६१ साली, दोन महिन्यांच्या आत, दोन युद्धनौकांचे भाग्य उजळले. ४ मार्च रोजी बेलफास्ट येथे ‘विक्रांत’ भारतीय नौदलात दाखल झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधावयास घेतलेली आणि युद्ध संपल्यामुळे अपुरी राहिलेली ही विमानवाहू नौका भारताने १९५७ साली विकत घेऊन पुरी करवली होती. त्यानंतर २४ एप्रिल रोजी स्टॉकहोमच्या बंदरात ‘वासा’ ही नौका पाण्याच्या वर आली. ती तिथे ३३३ वर्षे बुडालेली होती. १० ऑगस्ट १६२८ रोजी, पहिल्याच सफरीस निघाली असता, पुरता मैलभरही न जाता ती वाऱ्याच्या झोताने कलली आणि तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरून बुडाली.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. छत्तीस वर्षांच्या सेवेत ‘विक्रांत’ने १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात आपली विमाने उडवून चितगाव आणि कॉक्स बाजार येथील शत्रूचे तळ निकामी केले. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली, २००१ पासून मुंबईस संग्रहालय म्हणून उभी राहिली, २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणास्तव प्रेक्षकांना बंद झाली आणि २०१४ साली सुमारे साठ कोटी रुपयांस भंगारात जाऊन दारूखान्यात तोडली गेली. उलट, एकही लढाई न लढलेल्या ‘वासा’वर सतरा वर्षे रसायनाचे फवारे मारून तिचे लाकूड टिकवले गेले, आणि १९९० साली तिच्यासाठी स्वतंत्र संग्रहालय उघडले. जिने राष्ट्राचे काम केले ती गेली. जी पहिल्याच दिवशी फसली ती राहिली.

महाविद्यालयात असताना मी ‘विक्रांत’ पाहिली होती. अरुंद, उभ्या शिड्या उतरताना हाताला लागणारा लोखंडाचा थंडपणा आणि जुन्या तेलाचा व रंगाचा वास एवढेच आता नीट आठवते. तक्ते मी मन लावून वाचले होते. त्यांतील वाक्ये मात्र पुढे कोणत्याही पुस्तकात सापडण्याजोगी होती.

‘विक्रांत’ तोडली गेली तेव्हा अनेकांनी कृतघ्नतेचा आरोप केला. भावना समजण्याजोगी आहे, पण युक्तिवाद म्हणून तो मला पुरेसा वाटत नाही. लोखंडाला कृतज्ञता कळत नाही. सोळा हजार टनांचे धूड खाऱ्या पाण्यात शाबूत ठेवण्यास दरसाल जो पैसा लागला असता तो त्याच नौकेवरील वृद्ध खलाशांवर किंवा त्यांच्या विधवांवर खर्च करावा, असे कोणी म्हटले तर कृतज्ञतेच्याच तत्त्वावर त्याला उत्तर देता येणार नाही. शिवाय सन्मान झालाच नाही असेही नाही. तिच्या धातूतून घडवलेले स्मारक २०१६ साली मुंबईत उभे राहिले, तिच्या पोलादाचा अंश असलेली मोटारसायकल त्याच वर्षी बाजारात आली, आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी तिचे नाव धारण करणारी नवी नौका कोची येथे नौदलात दाखल झाली. नाव उरले, धातू उरला, गौरव उरला. मग गेले काय?

याचे उत्तर ‘वासा’ देते. १६२८ साली ती बुडताच चौकशी नेमली गेली. अधिकाऱ्यांना, कारागिरांना विचारपूस झाली. प्रत्येकाने आपली बाजू मांडली. नौकेची मापे खुद्द राजाने मंजूर केलेली होती. शेवटी कोणासही शिक्षा झाली नाही. चौकशीचे असे कागद आपल्यापैकी अनेकांनी हाताळले असतील. परंतु पुढे संशोधकांनी त्या नौकेचे मोजमाप घेतले तेव्हा तिची एक बाजू दुसरीपेक्षा जाड निघाली. आणि तिच्यातच सापडलेल्या सुतारांच्या चार मोजपट्ट्यांपैकी दोन स्वीडिश फुटाच्या, तर दोन त्याहून आखूड असलेल्या ॲम्स्टरडॅमच्या फुटाच्या होत्या. एकाच नौकेवर दोन फूट चालू होते! चौकशीत जे पुढे आले नव्हते ते लाकडाने सांगितले. तिच्यात सापडलेला एक सांगाडा अनेक वर्षे पुरुषाचा म्हणून ओळखला जात होता. तो स्त्रीचा असल्याचे २०२३ साली तपासणीत सिद्ध झाले.

वस्तू टिकवण्याचे खरे कारण मला इथे दिसते. टिकलेली वस्तू ही साक्षीदार असते. तिला नवा प्रश्न विचारता येतो, आणि ती आपल्याला खोटे ठरवू शकते. स्मारकाला हे साधत नाही. त्याच्यावर जे कोरले तेच ते शंभर वर्षे सांगत राहते. १९७१ साली ‘विक्रांत’च्या चार बाष्पकांपैकी एकाला तडा गेलेला होता आणि तिचा वेग त्यामुळे मर्यादित होता. त्या तळघरातील उष्णतेत माणसे कशी वागली असतील याचा अंदाज तिथल्या जागेच्या लांबीरुंदीवरून घेता आला असता. वितळलेल्या पोलादावरून तो येत नाही. आपल्याच इतिहासात पाहा. १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. त्यांच्या गुराबा कशा बांधल्या होत्या हे विचारावे अशी एकही नौका आज आपल्यापाशी नाही. तिच्याविषयी जे कळते त्यातले पुष्कळसे जाळणाऱ्यांच्याच लेखणीतून कळते.

चंडीगडलाही हा धडा मिळालेला आहे. हे शहर वसले तेव्हा पिएर जानरे यांनी कचेऱ्यांसाठी साध्या सागवानी खुर्च्या आखून दिल्या. पुढे त्या मोडक्या सामानात गणल्या गेल्या, गच्च्यांवर रचल्या गेल्या आणि लिलावात कवडीमोलाने गेल्या. परदेशी लिलावांत त्यांना लाखोंचे मोल येऊ लागले, तेव्हा २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने त्यांच्या विक्रीस बंदी घातली. मौज अशी, की खुर्ची अस्सल असल्याची खूण म्हणून तिच्यावर रंगाने लिहिलेला कचेरीचा क्रमांक पाहिला जातो. कोण्या कारकुनाने नोंदवहीसाठी घातलेला तो आकडा हीच आज तिची साक्ष आहे.

सारेच जपून ठेवावे, असे मी म्हणणार नाही. सारे जपणारा काहीच जपत नाही. त्याच्या घराची केवळ अडगळ होते. आपल्या अभिलेखांचीही ‘अ’, ‘ब’, ‘क’ अशी वर्गवारी असते, आणि ‘क’ वर्गातील फाइल मुदत संपताच नष्ट करावी लागते. प्रश्न एवढाच, की वर्ग ठरवताना आपण काय पाहतो? बहुधा आपण मान पाहतो: सही कोणाची, प्रकरण किती मोठे, निकाल कसा लागला. यशाचे कागद त्यामुळे टिकतात आणि फसलेल्या योजनेची फाइल आधी जाते. वास्तविक फसलेल्या कामाला विचारण्यासारखे सर्वांत अधिक असते. म्हणून नष्ट करण्याच्या यादीवर सही करणाऱ्याने वस्तूची योग्यता तोलण्यापूर्वी निदान एवढे पाहावे, की हिला अजून काही विचारायचे राहिले आहे काय. उत्तर ‘नाही’ असेल तर खुशाल रेघ ओढावी. पण ते उत्तर फाइल उघडून दिलेले असावे. कारण एकदा रेघ ओढली, की पुढच्या माणसाला शंका आली तरी ती विचारावी कोणाला?