बंदी उठली, हिशेब राहिला

बेसबॉलवर कुणी प्रश्नमंजूषा काढली, तर चार प्रश्न हमखास येतात. सर्वाधिक हिट कुणाच्या नावावर? पीट रोझ, ४,२५६. सर्वाधिक होमरन? बॅरी बाँड्स, ७६२. मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू हा किताब सर्वाधिक वेळा कुणी मिळवला? पुन्हा बाँड्स, सात वेळा. आणि चेंडू टाकणाऱ्या पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार? रॉजर क्लेमेन्स, तोही सात वेळा. उत्तरे चार, माणसे तीन. या तिघांपैकी एकाचेही नाव कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये नाही.

न्यूयॉर्क राज्यातल्या त्या लहानशा गावात १९३९ साली हे कीर्तिमंदिर उघडले. तिथे नाव लागायचे तर ७५ टक्के मते लागतात, आणि मत देताना खेळाबरोबर सचोटी आणि चारित्र्यही पाहावे, असा नियम आहे. बाँड्स आणि क्लेमेन्स यांच्यावर उत्तेजक द्रव्यांचा संशय होता; दोघांनीही तो नाकारला, तरी दहा वर्षे मतदारांनी त्यांना आत येऊ दिले नाही. रोझचे नाव तर मतपत्रिकेवरच आले नाही. सिनसिनाटी रेड्स संघाचा व्यवस्थापक असताना त्याने बेसबॉलच्या सामन्यांवर पैजा लावल्याचे चौकशीत निघाले, त्यात त्याच्या स्वतःच्या संघाचे सामनेही होते. २४ ऑगस्ट १९८९ रोजी त्याच्यावर कायमची बंदी आली.

३० सप्टेंबर २०२४ रोजी रोझ वारला. १३ मे २०२५ रोजी बेसबॉलचे आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी जाहीर केले की, कायमची बंदी माणसाच्या मृत्यूबरोबर संपते. जो आता हयातच नाही, त्याच्यापासून खेळाच्या सचोटीला धोका उरत नाही, हे त्यांचे कारण. एकूण सतरा मृतांवरची बंदी त्या दिवशी उठली. त्यांत रोझ होता आणि १९५१ साली वारलेला ‘शूलेस’ जो जॅक्सनही होता.

बातमी खेळाच्या पानावरची असली, तरी तिच्या पोटातला प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. माणूस गेला की त्याचे पाप जाते का? आणि जात नसेल, तर मागे राहिलेल्यांनी त्याचा सन्मान करावा का?

वाशिम जिल्ह्यात हा प्रश्न परका नाही. जिल्ह्यातले कारंजा हे दिगंबर जैनांचे जुने विद्यापीठच म्हणावे असे गाव आहे. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांच्या भट्टारकांची पीठे इथे होती. इथल्या शास्त्रभांडारांत जपलेल्या पोथ्यांवरून डॉ. हीरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३०च्या दशकात अपभ्रंश ग्रंथ संपादून छापले आणि ‘कारंजा जैन ग्रंथमाला’ हे नाव भारतविद्येच्या अभ्यासकांपर्यंत पोचले. १९१८ साली इथे महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू झाले. या परंपरेत मूल वाढते ते दोन गोष्टी ऐकत. श्रावकाने सोडायच्या सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे, ही एक. आणि कर्म जीवाला चिकटते ते देह पडल्याने सुटत नाही, ही दुसरी.

या दुसऱ्या गोष्टीपाशी मॅनफ्रेड यांचा निर्णय अडखळेल असे वाटते. पण तसे घाईने म्हणता येत नाही, कारण आपल्याच परंपरेत त्यांच्या बाजूचा एक मोठा साक्षीदार उभा आहे. रावण पडल्यावर बिभीषण भावाचे अंत्यसंस्कार करायला कचरतो, तेव्हा रामच त्याला समजावतो की वैर मरणापर्यंतच असते. ज्याने सीता पळवली त्याच्या चितेला मान द्यायला राम सांगतो. शासन करणाऱ्याचा अधिकार मृत्यूपाशी थांबतो, हा त्याचा अर्थ. मृतावर बंदी चालू ठेवून कुणाचे रक्षण होणार? त्या मर्यादेत आयुक्तांचा निर्णय धर्माला धरून आहे.

पण रामाने वैर संपवले, रावणाचे कर्म पुसले नाही. दंड, क्षमा आणि सन्मान या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की न्याय बिघडतो. जो जॅक्सन आणि बक वीव्हर यांच्या गोष्टीत ही गल्लत स्पष्ट दिसते.

१९१९च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागो व्हाइट सॉक्स हा बलाढ्य संघ सिनसिनाटीकडून हरला. सट्टेबाजांचे पैसे घेऊन संघातल्या खेळाडूंनी सामने सोडले, असा बोभाटा झाला. आठ जणांवर आरोप ठेवले गेले, त्यांतल्या सात जणांवर खटला चालला. २ ऑगस्ट १९२१ रोजी ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे पहिले आयुक्त, न्यायाधीश केनेसॉ माउंटन लँडिस यांनी आठही जणांना खेळातून कायमचे हाकलले.

आठ जणांचा अपराध मात्र एकसारखा नव्हता. जॅक्सनने पाच हजार डॉलर घेतल्याचे ग्रँड ज्यूरीपुढे सांगितले होते. पण त्याच मालिकेत त्याने १२ हिट मारले होते, सरासरी .३७५. मुद्दाम हरायला खेळलो नाही, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. तिसऱ्या बेसवरच्या वीव्हरने पैसे घेतल्याचा पुरावाच नव्हता. त्याची चूक एवढीच की कटाची बोलणी झाली तेव्हा तो हजर होता, आणि ते त्याने कुणाला सांगितले नाही. लँडिस यांच्या लेखी तेवढे पुरेसे होते. बंदी उठावी म्हणून वीव्हर वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिला आणि १९५६ साली बंदीतच वारला.

वीव्हरवर अन्याय झाला, असे मानणारे अमेरिकेत पुष्कळ आहेत. कारंज्याच्या एखाद्या स्वाध्याय मंडळात हे प्रकरण ठेवले, तर चर्चा वेगळ्या वाटेने जाईल. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात कर्माच्या आस्रवाचा, म्हणजे कर्म जीवाकडे येण्याचा, विचार करताना कृत, कारित आणि अनुमत असे तीन भेद सांगितले आहेत: स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि दुसरा करीत असता संमत असलेले. मन, वचन आणि काया; संकल्प, तयारी आणि प्रत्यक्ष कृती; क्रोध, मान, माया आणि लोभ, यांच्याशी त्यांचा गुणाकार करून एकूण १०८ प्रकार होतात. ही मोजणी कोरडी वाटेल, पण तिच्यात मोठी करुणा आहे. ती गप्प राहिलेल्याला सोडत नाही आणि त्याला करणाऱ्याच्या रांगेतही बसवत नाही. वीव्हरची चूक अनुमोदनाच्या जातीची होती. तिला फळ होते, पण ते पैसे वाटणाऱ्याइतकेच असावे, हे या हिशेबात बसत नाही. लँडिस यांनी आठ माणसांना एकच शिक्षा दिली, तिथे त्यांचा न्याय तोकडा पडला.

आणि हाच दंडक खुद्द लँडिस यांना लावला तर? १९२०च्या अखेरीपासून १९४४ साली मृत्यू येईपर्यंत ते आयुक्त होते. या साऱ्या काळात मोठ्या लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू उतरला नाही. तशी बंदी कुठल्या नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. ती सर्वांच्या मौनावर चालली होती, आणि त्या मौनात सर्वांत मोठा वाटा सर्वाधिकारी आयुक्तांचा होता. एका खेळाडूला गप्प राहिल्याबद्दल जन्मभर शिक्षा देणारा माणूस स्वतः चोवीस वर्षे गप्प राहिला. त्याला मात्र मृत्यूनंतर लगेच हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली आणि सर्वांत मोलाच्या खेळाडूच्या पुरस्कारफलकावर त्याचे नाव कोरले गेले. ते नाव २०२० साली काढण्यात आले. लँडिसला जाऊन तेव्हा ७६ वर्षे झाली होती.

लँडिसच्या मौनाचा भार ज्यांनी सोसला, त्यांत जॉश गिब्सन होता. कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगमधला हा थोर फलंदाज जानेवारी १९४७ मध्ये अवघ्या ३५व्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि भिंत पडली. मे २०२४ मध्ये त्या लीगचे आकडे मोठ्या लीगच्या नोंदीत घेतले गेले, आणि गिब्सनची .३७२ ही सरासरी तोवर पहिला असलेल्या टाय कॉबच्या वर, यादीच्या शिरोभागी आली. मृत्यूने जर अपराधाचा हिशेब संपत असता, तर देण्याचाही संपला असता. ७७ वर्षांनी गिब्सनचे देणे चुकते करणाऱ्यांना तसे वाटले नाही, आणि ते बरोबरच होते.

महाराष्ट्राला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. पुण्याच्या मैदानावर घडलेला डावखुरा फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू १९११च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला. हिंदूंच्या संघाला त्याचे चेंडू हवे होते. पण जातीमुळे चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात चहा मिळे. कर्णधारपद त्याला कधीच दिले गेले नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाले. बाळू १९५५ साली गेला. त्याच्या संघातले सगळेच काही दुष्ट नव्हते. बहुतेक जण नुसते गप्प होते.

मग रोझचे काय? इथे महाभारताच्या अखेरच्या पर्वाचा आधार घ्यावा लागतो. युधिष्ठिर स्वर्गात पोचतो, तर समोर तेजाने झळकत बसलेला दुर्योधन! धर्मराजा संतापतो, तोंड फिरवतो. नारद त्याला सांगतात की क्षात्रधर्माने रणात पडल्यामुळे दुर्योधनाला हे स्थान मिळाले आहे, इथे वैर चालत नाही. पुढे खुद्द युधिष्ठिराला नरकाचे दर्शन घडते, कारण अश्वत्थाम्याच्या मृत्यूबद्दल द्रोणांना फसवणारे ते वाक्य त्याच्या खात्यावर होते. आयुष्यभराच्या सत्याने ते वाक्य धुऊन निघाले नाही, आणि दुर्योधनाच्या अधर्माने त्याचे शौर्य बुडाले नाही. पुण्य आणि पाप यांची वजाबाकी झाली नाही; दोन्हींचे फळ स्वतंत्रपणे पदरी आले. जैन विचारही पुण्य आणि पाप या दोहोंना बंधच मानतो.

हॉल ऑफ फेम इतकी वर्षे वजाबाकी करीत आले आहे. ४,२५६ हिटमधून पैजा वजा केल्या तर काय उरते? जॅक्सनच्या .३५६ या कारकिर्दीच्या सरासरीतून पाच हजार डॉलर वजा करता येतात का? या गणिताला उत्तर नाही, कारण दोन्ही बाजूंचे एकक वेगळे आहे. हिट झाले ते झालेच, आणि पैजा लागल्या त्या लागल्याच.

क्षमेचा मार्ग याहून अवघड आहे. जैन साधनेत प्रतिक्रमणाआधी आलोचना येते: गुरूसमोर आपला दोष काही न लपवता सांगणे. ती ज्याची त्यानेच, जिवंतपणी करायची असते. रोझने बेसबॉलवर पैजा लावल्या नाहीत असे पंधरा वर्षे सांगितले आणि २००४ साली पुस्तकातून कबुली दिली. उशीर झाला, पण कबुली आली. तिचे मोल नाकारता येत नाही. तरी ज्याच्यावर त्याची शिक्षा सोपवली होती, तो आयुक्त बार्ट जियामटी बंदीनंतर आठच दिवसांत हृदयविकाराने गेला होता. ज्याच्यापुढे आलोचना व्हायची तो उरला नाही, आणि आता आलोचना करणाराही उरला नाही. म्हणून २०२५चा निर्णय क्षमा ठरत नाही. तो दंडाचा शेवट आहे, तेवढाच.

हे सारे वाशिममध्ये मांडण्याला आणखी एक कारण आहे. बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांतले खेळ आहेत. ज्या जिल्ह्यात शेती पावसावर आणि सोयाबीनच्या भावावर टेकलेली आहे, तिथे खेळाच्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणामुळे फार मोठी किंमत येते. अशा वेळी एखाद्या मुलाच्या वयाचा दाखला खोटा आहे हे ठाऊक असूनही प्रशिक्षक, पालक, सोबतचा खेळाडू गप्प राहिले, तर त्यांनी काही केले नाही असे म्हणता येईल का? तत्त्वार्थसूत्र तसे म्हणू देत नाही. खरी मेहनत करूनही संघाबाहेर राहिलेल्या मुलीचे नुकसान त्या सगळ्यांच्या नावे लिहिले जाते, प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे.

रोझ आणि जॅक्सन यांच्या नावांचा विचार जुन्या काळातल्या खेळाडूंसाठी नेमलेली हॉल ऑफ फेमची समिती डिसेंबर २०२७ मध्ये करू शकेल. समितीत सोळा जण असतील, निवडीला बारा मते लागतील. त्यांनी दोघांना आत घ्यायला हरकत नाही. पण तिथल्या प्रत्येकाच्या कांस्य पाटीवर चार ओळी कोरलेल्या असतात, आणि त्या ओळी अर्ध्या असू नयेत. रोझच्या पाटीवर ४,२५६ हा आकडा हवा आणि २४ ऑगस्ट १९८९ ही तारीखही हवी. जॅक्सनच्या पाटीवर १२ हिटही हवेत आणि पाच हजार डॉलरही. लँडिसची पाटी तिथे आधीपासून आहे. तिच्यावर ती चोवीस वर्षे अजून कोरायची राहिली आहेत.