साबण कोणाचा?

‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ हा ग्रिगोरी चुख्राय यांचा १९५९ सालचा रशियन कृष्णधवल चित्रपट. तो पाहिलेली माणसे बहुधा शेवटाविषयी बोलतात. आईला मिठी मारून उभ्याउभ्याच माघारी फिरणारा तो पोरगा कोणाला विसरेल? मला मात्र त्यातला साबण छळतो.

एकोणीस वर्षांचा अल्योशा. भेदरलेल्या अवस्थेतच त्याने शत्रूचे दोन रणगाडे निकामी केले. सेनापती पदक देऊ लागला, तर याने रजा मागितली. गावी आईच्या घराचे छप्पर गळत होते. सहा दिवस मिळाले. दोन जायचे, दोन यायचे, दोन छपराचे. वाटेत आघाडीवर निघालेला पावलोव नावाचा शिपाई बायकोसाठी त्याच्याजवळ साबण देतो. युद्धातला साबण तो! साऱ्या पलटणीच्या वाट्याचा. अल्योशा पत्ता हुडकीत पोहोचतो, तो घरात दुसरा पुरुष. साबण देऊन तो निघतो खरा. पण संतापाने परत फिरून तिच्याकडून काढून घेतो. मग जातो पावलोवच्या आजारी बापाकडे. बाँबने घरे गेलेली माणसे एका व्यायामशाळेत राहत आहेत, तिथे. मुलाची भेट म्हणून साबण देतो, मुलाच्या पराक्रमाच्या चार थापाही मारतो.

प्रेक्षकाला बरे वाटते. मलाही वाटले. पण निरोप्याला हा अधिकार दिला कोणी? न्याय करून टाकण्याची घाई या वयाची असतेच, आम्हां मास्तरांना ती रोज भेटते. पावलोव स्वतः असता तर? कदाचित त्याने साबण भिरकावला असता. कदाचित मुकाट्याने खिडकीत ठेवून निघून गेला असता. ते ठरवणे त्याचे होते.

आपण म्हणाल, साबण योग्य हाती पडला ना? पडला. तरी मन मानीत नाही, कारण आणखी एक हिशेब आहे. एक पाय गमावलेला शिपाई बायकोसमोर जायला कचरतो. त्याचे सामान वाहण्यात, त्याला धीर देण्यात अल्योशाची गाडी चुकते. हे औदार्य कोणाच्या पदरचे? छपराचे दोन दिवस आईचे होते. मुलगा वाटेत त्यातूनच खर्च करीत गेला. साबणाचा जाब मी त्याला विचारू शकतो. या दिवसांचा विचारू धजत नाही. त्या लंगड्या शिपायाला फलाटावर एकटा सोडून वेळेवर घरी आलेला अल्योशा मला चालला असता का? आईला चालला असता?

तो परतणार नाही, हे निवेदक आरंभीच सांगून टाकतो. आईच्या वाट्याला येतात काही मिनिटे. शेतातून धावत आलेली ती त्याला भर रस्त्यातच भेटते. छपराला त्याचा हात लागत नाही.