संबळाचं चामडं आणि देवाचा कान

वैराग हे गाव तुळजापूर आणि पंढरपूर यांच्या मधे आहे. पूर्वेला भवानी, नैर्ऋत्येला विठोबा. बार्शी तालुक्याच्या या भागात लग्नानंतर गोंधळ घालणारं आणि आषाढीला दिंडीत चालणारं घर पुष्कळदा एकच असतं. एकाच उंबऱ्यावर संबळ वाजतो आणि टाळही. मग प्रश्न पडतो : देव चराचरात भरलेला आहे असं मानणाऱ्या घरात हा गजर कुणासाठी? ज्याला मनातलं कळतं त्याला हाक मारायला दोन चामड्यांची आणि एका तारेची गरज का पडावी? नादब्रह्म हा मोठा शब्द उच्चारून आपण सहसा हा प्रश्न मिटवतो. मला त्याचं उत्तर वाद्यांच्या घडणीतच दिसतं. माणसाचं एकटेपण मोडण्यासाठी ही वाद्यं आहेत, आणि त्यांची ओढ टिकली ती त्यांच्या अपुरेपणामुळे.

तुणतुणं जवळून पाहावं. लाकडाचं पोकळ नळकांडं, तळाला चामडं, आणि तिथून निघून बाजूच्या काठीवरच्या खुंटीला ताणलेली एकच तार. तिच्यावर चाल वाजत नाही. सूर तेवढा धरून ठेवायचा. संबळ जोडीचा, कमरेला बांधलेला, एक अंग घुमणारं आणि दुसरं कडक. त्यात लय आहे, चाल नाही. चाल गोंधळ्याच्या गळ्यात आहे, पण मागे झील धरणारा नसेल तर तो गळाही अर्धाच. दिवटी पेटवून, चौक भरून तो देवांना त्यांच्या गावांसकट बोलावतो : तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा. सर्वत्र असलेल्याला कुठून बोलावणार? पण त्या बोलावण्याने अंगणात जमलेली माणसं यजमान होतात, हे खरं. वारकऱ्यांच्या वीणेचंही तसंच. मैफलीतल्या वीणेशी तिचं नातं नावापुरतं. तिच्यावर राग वाजत नाही, तार छेडत राहायची. सप्ताहात ती जमिनीवर टेकवत नाहीत. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि दोघे एकमेकांच्या पाया पडतात. मध्यरात्री मंडप रिकामा असला तरी ती वाजतच असते. ऐकणाऱ्यांना रिझवणं हाच वाद्याचा हेतू असता, तर ही रीत कधीच मोडली असती.

यावर कोणी म्हणेल, हे सगळं जुन्याचं वेड आहे. तसं असतं तर युरोपातून आलेली पेटी भजनात मांडी घालून बसली नसती. आयर्लंडच्या लोकसंगीतातही हेच दिसतं. तिथलं बोधरान म्हणजे लाकडी कडं आणि त्यावर बकऱ्याचं कातडं, आपल्या डफाचा सख्खा भाऊ वाटावं असं. त्याला मैफलीत मान मिळाला तो १९६० च्या दशकात, संगीतकार शॉन ओ रीआडा यांच्यामुळे. आणि त्याच दशकात ग्रीसची बुझुकीही त्या संगीतात येऊन घरची झाली. तिथल्या ‘सेशन’मध्ये सगळे गोल बसून एकच चाल एकत्र वाजवतात. वाद्य कुठून आलं याला महत्त्व नाही, ते गोलात बसतं का याला आहे. डीजेभोवती याहून मोठी गर्दी जमते, हेही खरं. पण डीजेला कुणाची झील लागत नाही. सगळे निघून गेले तरी त्याच्या आवाजात काही कमी होत नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो मला खोडता येत नाही. चामडं देवळात गेलं, चामडं कमावणारा बाहेर राहिला. अस्पृश्य ठरवले गेलेले संत चोखोबा वैरागच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे. १३३८ साली तिथे भिंतीखाली सापडून गेले; समाधी झाली ती पंढरपूरच्या महाद्वारापाशी, देवळाबाहेर. त्या देवळाचं दार दलितांना उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, साने गुरुजींना मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. हलगी वाजवणं हे ज्यांच्यावर गावकीचं काम म्हणून लादलं गेलं, त्यांतल्या अनेकांनी ती सन्मानासाठी खाली ठेवली. ती ठेवणं हा त्यांचा हक्कच होता, आणि त्या मौनाला मी भक्तीची उणीव म्हणणार नाही. मात्र या आक्षेपाने वाद्य खोटं ठरत नाही, आपण ठरतो. तुणतुण्याची तार झील मागते. आपण झील धरणाऱ्याला पंगतीबाहेर बसवलं. एकटं अपुरं असणं हा ज्या वाद्याचा धर्म, त्याच्यासमोर हात जोडून आपण माणसं वेगळी काढत राहिलो. याहून मोठा बेसूर मला माहीत नाही.

म्हणून घरात गोंधळ ठरवाल तेव्हा बिदागीत घासाघीस करू नका, आणि संबळ वाजवणाऱ्याला, झील धरणाऱ्याला पहिल्या पंगतीला आपल्या शेजारी बसवा.