फुकट आहे, पण कुणाचं?

ओपन सोर्स म्हणजे काय, असं व्हायवाला विचारलं की आपल्याकडे दोन शब्दांत उत्तर येतं: फुकट सॉफ्टवेअर. मार्कही मिळतात. मी कोल्हापुरात राहून सॉफ्टवेअरचं काम करतो. दिवसभर जे लिहितो ते अनोळखी माणसांनी आधी लिहून ठेवलेल्या कोडवर उभं असतं. त्यामुळे या 'फुकट'चं काय करायचं, हा माझ्या रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. पण तो सगळ्यात जास्त बोचतो तो संशोधनात. कारण कुणाचं काय घेतलं ते सांगायचं, हा तिथला पहिला नियम.

१० एप्रिल २०१९ ला कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र जगासमोर आलं. आपण सगळ्यांनी ते स्टेटसला ठेवलं. त्यामागच्या कामात नमपाय आणि मॅटप्लॉटलिब या खुल्या लायब्ररी होत्या. मॅटप्लॉटलिब सुरू केली जॉन हंटर या मेंदूच्या अभ्यासकानं, मेंदूतल्या विद्युतलहरींचे आलेख काढता यावेत म्हणून. २०१२ मध्ये तो गेला. नमपायची पहिली आवृत्ती २००६ ची, आणि तिच्या विकासासाठी थेट निधी मिळाला २०१७ मध्ये. मधली अकरा वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा ज्यावर गणितं करत होत्या, ते बऱ्याच अंशी लोकांच्या रात्रींवर आणि रविवारांवर चाललं होतं.

माझी मावसबहीण पीएचडी करते. तिनं प्रबंधाच्या संदर्भसूचीत वापरलेल्या लायब्ररींची नावं घातली, तर गाइड म्हणाले, "पेन कुठल्या कंपनीचं ते लिहितो का आपण?" प्रश्न बिनतोड वाटतो, पण तसा नाही. पेनाचे पैसे दिले की व्यवहार संपतो. शिवाय पेन बदललं म्हणून उत्तर बदलत नाही. लायब्ररी मात्र रिकाम्या नोंदींचं काय करायचं, आकडा कुठे तोडायचा हे आपल्या वतीनं ठरवत असते. तिचं नाव आणि आवृत्ती लपवली, तर उपकार विसरणं राहू द्या, दुसऱ्याला आपलं उत्तर पडताळताच येत नाही.

यावर कुणी म्हणेल, लायसन्सनं परवानगी दिली आहे ना, मग विषय संपला. इथेच माझं अडतं. परवानगी म्हणजे काय करता येईल त्याची हद्द. काय करावं, हे ती सांगत नाही.

२०२१ सालचं लिनक्सचं प्रकरण आठवा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी लिनक्स कर्नलकडे मुद्दाम खोट असलेले बदल पाठवून पाहिले होते. मेंटेनरना ती खोट सापडते का, हा त्यांचा प्रयोग. मेंटेनरना याची कल्पना नव्हती. विद्यापीठाच्या नैतिकता समितीनं हे माणसांवरचं संशोधन नाही असं ठरवलं होतं. प्रकरण उघड झालं, ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणं थांबवलं, संशोधकांनी माफी मागितली, पेपर मागे घेतला. पण त्या विद्यापीठातून पूर्वी आलेले चारशेहून जास्त बदल पुन्हा तपासावे लागले. त्यातले बहुतेक व्यवस्थित निघाले. ते तपासणारी माणसंच होती, आणि त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं.

खुलं दार दिसलं की आत राहणारं माणूस दिसेनासं होतं, ही या प्रकरणातली खरी गोची.

उलटं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालतो. त्यात कुठल्याही कॉलेजचा विद्यार्थी एखाद्या पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं सायलॅबसारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये करून देऊ शकतो. काम तपासलं जातं, मानधन मिळतं आणि तो कोड सगळ्यांसाठी खुला होतो. वर त्या विद्यार्थ्याचं आणि त्याच्या कॉलेजचं नाव असतं. याच प्रकल्पातलं ईसिम हे सर्किट डिझाइनचं सॉफ्टवेअर कायकॅड, एनजीस्पाइस अशा खुल्या साधनांवर उभं आहे आणि स्वतःही खुलं आहे. घेतलं, त्यात भर घातली, पुढे ठेवलं.

आता एक अवघड शंका. देणाऱ्यानं विनाअट दिलं, तर परतफेडीची अपेक्षा धरून आपणच त्या देण्याचा व्यवहार करत नाही का? मला वाटतं, परतफेड देणाऱ्याला करायचीच नसते. आमच्याकडे तालमीत जुना रिवाज आहे. कुस्ती खेळायची तर आधी फावडं घेऊन आखाड्याची लाल माती उकरायची. त्या मातीत तेल, ताक, हळद घालणारे कितीतरी जण आज हयातही नसतील. त्यांचं देणं कसं फेडणार? पण माती उकरली नाही तर ती घट्ट होते, आणि उद्या येणारं पोरगं त्यावर आपटून हाड मोडून घेतं.

संशोधन करणाऱ्याचं फावडं फार जड नाही. वापरलेल्या सॉफ्टवेअरचं नाव लिहायचं. चूक सापडली तर गुपचूप पळवाट काढून पेपर छापण्याऐवजी ती मेंटेनरला कळवायची. आपला कोड पेपरसोबत खुला करायचा. प्रयोग माणसांवर होत असेल तर त्यांना आधी विचारायचं. विद्यापीठांनीही या कामाला संशोधनाचं काम म्हणून मोजायला हवं, नाहीतर ते करणारा विद्यार्थी पेपरच्या शर्यतीत मागेच पडणार. आज आपण त्याला 'रिकामा उद्योग' म्हणतो.