प्रतिज्ञेची भाषा

अमेरिकेंतील व्हर्माँट राज्यांत मिडलबरी कॉलेजानें १९१७ सालीं स्पॅनिशची उन्हाळी शाळा काढिली. तेथें विद्यार्थी एकत्र राहतात आणि जेवतांखेळतांनाहि स्पॅनिशच बोलण्याची प्रतिज्ञा करितात. नियम कडक आहे, व तो असावाच. पळवाट दिसली कीं जीभ तिकडेच धांवते. परंतु समजा, शेजारच्या खोलींतील मुलीस पितृनिधनाची वार्ता आली, आणि आपल्या पदरीं तर बाजारहाटापुरतेच शब्द! अशा वेळीं प्रतिज्ञा मोडावी काय? आमच्या मतें, खुशाल मोडावी. मात्र स्वभाषेंतील आपलें सांत्वन पुष्कळदां पाठ केलेलेंच असतें, हें आम्हांस विसरवत नाहीं. ‘लो सिएन्तो’, शब्दशः ‘मला तें जाणवतें’, एवढेंच ज्यास येतें, तो तेवढें बोलून गप्प होतो. आणि दुसरें कांहीं सुचत नाहीं म्हणून तिच्याजवळ बसून राहतो.